किशोरवयातला बायपोलर : मूल बरं असताना काय काय ठरवून ठेवावं?

पाऊलवाट

मुलगी १६ वर्षांची. आधी बराच काळ डिप्रेशन, मग मॅनिया (मनाचा आणि अंगाचा वेग बेसुमार वाढणं), मग हॉस्पिटल आणि तिथे बायपोलरचं, म्हणजे मन या दोन टोकांत हेलकावणाऱ्या आजाराचं, निदान. हे सगळं गेल्या वर्षीचं. आता लिथियम (मूड स्थिर ठेवणारं औषध) चालू आहे, शाळा नियमित आहे, मैत्रिणींशी रुसवेफुगवे आहेत, माझ्याशी तर रोजच खटके उडतात. म्हणजे ती बरी आहे.

हा धागा या बरं असण्याच्या काळाबद्दल आहे. एपिसोड, म्हणजे आजाराची लाट, आला की काय करायचं ते डॉक्टर सांगतात, माणसं धावून येतात. दोन एपिसोडच्या मधले महिने घरच्यांनी कसे वापरायचे, यावर मात्र फारसं बोललं जात नाही. मला तर दिवसेंदिवस वाटायला लागलंय की खरं काम याच काळात होऊ शकतं. मॅनियात असताना 'रात्री फोन कुणाकडे राहील' यावर तिच्याशी बोलणं होऊच शकत नाही. डिप्रेशनमध्ये ती "तुम्हाला हवं ते करा" म्हणते, पण तो काही होकार नव्हे. जे ठरवायचं ते तिचं मन थाऱ्यावर असताना, तिच्यासोबत बसून आणि तिच्या शब्दांत ठरायला हवं. हे मी तिच्यापाशी बोलले तेव्हा तिने लगेच अट घातली, "लिहून ठेवायचं. आणि नियम तुझ्यासाठीपण हवेत." मला ती अट अगदी रास्त वाटली.

तर मी, ती आणि तिचे बाबा मिळून असा एक कागद तयार करतोय. अडतंय ते इथे : या वयाची साधी चिडचिड आणि एपिसोडची सुरुवात यातला फरक घरच्यांनी कसा ओळखायचा? गोळ्यांची आठवण करून देणं कुठे संपतं आणि पहारा कुठे सुरू होतो? शाळेला किती सांगायचं? आणि धाकट्या भावाला काय सांगायचं, तो ११ वर्षांचा आहे.

ज्यांनी हे घरात अनुभवलंय किंवा स्वतः यातून गेलेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

मनमोकळा

चांगला विषय. आमचा मुलगा आता १९ वर्षांचा आहे, निदान झालं तेव्हा १४ चा होता. पहिल्या प्रश्नावर लिहितो.

छापील याद्यांमध्ये लक्षणं असतात, पण प्रत्येक मुलाची स्वतःची एक खूण असते आणि ती त्याच्याबरोबर बसूनच शोधावी लागते. आमच्याकडे पहिली खूण म्हणजे वाक्य संपत नाही. एरवी हा मोजकं बोलणारा मुलगा. मॅनियाकडे चढायला लागला की प्रत्येक वाक्याच्या शेवटी "आणि ऐक ना" येतं. आणि ऐक ना, आणि ऐक ना, असं करत तो गिटारवरून अंतराळात आणि तिथून कुणाच्या तरी वाढदिवसाला पोचतो. दुसरी खूण टेबलावर दिसते. नेहमी एक वही उघडी असते, तेव्हा पाच असतात, पाचही पहिल्या दोन पानांपुरत्या भरलेल्या. डिप्रेशनकडे उतरायला लागला की याच्या उलट. आंघोळ टळते, हेडफोन कानात असतात पण गाणं लावलेलं नसतं.

या खुणा त्याने स्वतः सांगितल्या, आम्ही फक्त भर घातली. कागदावर तीन रकाने केले : नेहमीचा मी, चढतोय, उतरतोय. 'नेहमीचा मी' हा रकाना सगळ्यात आधी भरा आणि ऐसपैस भरा. त्यात "खोलीचं दार आपटतो", "सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत लोळतो", "गणिताच्या पेपरआधी कुणाशी धड बोलत नाही" हे सगळं आलं. एकदा ते लिहिलं गेल्यावर दार आपटलं म्हणून आम्ही दचकायचं कारण उरलं नाही.

शुभ्रा

मी किशोरवयीन मुलांसोबत काम करणारी मानसोपचारतज्ज्ञ आहे. इथे लिहिते ते सर्वसाधारण माहिती म्हणून, तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याला पर्याय म्हणून नव्हे.

मनमोकळा यांची रकान्यांची रीत फार उपयोगी आहे. त्यात थोडी भर.

निदानाचे निकष कालावधीवर उभे आहेत : मॅनिया म्हणजे किमान ७ दिवस (किंवा हॉस्पिटलात ठेवण्याइतकी तीव्रता), हायपोमॅनिया (मॅनियाचं सौम्य रूप) किमान ४ दिवस सलग, डिप्रेशन किमान २ आठवडे, आणि तेही दिवसाचा बहुतेक वेळ. संध्याकाळी रडून सकाळी हसत शाळेत जाणं हे या वयाचं आहे. अर्थात तुम्ही ७ दिवस मोजत थांबावं असं नाही. पण एका तासाच्या रागावरून कुणीही काही ठरवू नये, हे मात्र नक्की.

दुसरं, बदल किती ठिकाणी दिसतो ते पाहा. घरी चिडचिड, पण मैत्रिणींत नेहमीसारखी, शिकवणीत नेहमीसारखी, तर बहुधा चिडचिड तुमच्यावरच आहे आणि तिला कारणही असेल. घर, शाळा, मैत्रिणी, फोनवरचं लिहिणं, सगळीकडे एकाच वेळी वेग वाढला किंवा मंदावला तर लक्ष द्या.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोप. झोप न येणं वेगळं आणि झोपेची गरजच न वाटणं वेगळं. परीक्षेच्या काळजीने जागलेलं मूल दुसऱ्या दिवशी गळून जातं. मॅनियाकडे निघालेलं मूल तीन-चार तास झोपून ताजंतवानं उठतं आणि कामाला लागतं. अशा दोन रात्री लागोपाठ गेल्या तर डॉक्टरांना फोन करा, पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. झोप कमी होणं हे लक्षणही आहे आणि कारणही. एरवी बऱ्या असलेल्या मुलीला सलग जागरणं एपिसोडमध्ये ढकलू शकतात. म्हणून झोपायची आणि उठायची वेळ सुट्टीच्या दिवशीसुद्धा फार हलू देऊ नका. एलन फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेली एक थेरपी याच सूत्रावर बेतलेली आहे : उठणं, पहिलं माणूस भेटणं, जेवण, झोप यांच्या वेळा स्थिर ठेवायच्या, आणि नात्यांतले ताण सोडवायचे.

आणखी एक, हे कागदावर ठळक लिहा. कधी कधी दोन्ही टोकं एकत्र येतात. मन काळवंडलेलं असतं, पण अंगात वेग, अस्वस्थता, झोप नाही, डोक्यात विचारांची गर्दी. याला मिश्र अवस्था म्हणतात आणि आत्महत्येचा धोका यात विशेष असतो. "उदास आहे पण धावपळ करतेय, म्हणजे बरी असेल" असा समज करून घेऊ नका.

काजवा

मी २४ वर्षांची आहे, १५ व्या वर्षापासून बायपोलर आहे. मुलीच्या बाजूने लिहिते.

"गोळी घेतलीस का?" हे वाक्य कागदावर लिहून त्यावर काट मारा. गोळी घेतली की नाही हे विचारूच नये असं नाही, पण मी रागावले असताना उत्तर म्हणून ते विचारू नये. त्याचा मला ऐकू येणारा अर्थ असा असायचा की तुझ्या रागाला काही किंमत नाही, तो रसायनांचा आहे. आई खरोखर माझी वही न विचारता वाचत होती आणि मला खरोखर राग आला होता. तो राग कुठल्याही १६ वर्षांच्या मुलीला आला असता.

आमच्याकडे शेवटी असं ठरलं : आजाराबद्दल बोलायची वेळ आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी, १५-२० मिनिटं. मूड चार्ट, म्हणजे रोजच्या मूडची नोंद, तेव्हा बघायचा, गोळ्यांचं, डॉक्टरांचं तेव्हा बोलायचं. बाकी आठवडा मी फक्त त्यांची मुलगी. अपवाद एकच, खूण दिसली तर. आणि खूण दिसल्याचं सांगायचा हक्क फक्त दोघांना, आई आणि माझी एक मैत्रीण. ती दोघं मी निवडली होती. वाक्यही मी निवडलं होतं : "मला दोन रात्रींपासून वेगळं दिसतंय, तुला काय वाटतं?" यात शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सोळा जण दिवसभर 'ठीक आहेस ना' विचारायला लागले की माणूस खोटं बोलायला शिकतो.

एक गोष्ट पालक सहसा विचारत नाहीत. हायपोमॅनियाची आठवण येते. त्या दिवसांत मी भराभर चित्रं काढायची, सगळं सुचायचं, भीती नावाला नसायची. गोळ्यांनी ते गेलं आणि त्याचं दुःख होतं. गोळ्या सोडाव्याशा वाटण्यामागे बऱ्याचदा हेच असतं, आणि घरचे समजतात की आळस किंवा हट्ट. तिला एकदा विचारा, "कशाची आठवण येते?" आणि उत्तर ऐकून घ्या, समजूत काढू नका.

पाऊलवाट

काजवा, तुझे किती आभार मानू. तुझा प्रतिसाद मी मुलीला दाखवला. ती म्हणाली, "हिला सांग, माझ्याकडून दोन वेळा बरोबर." रविवारची वेळ आणि वाक्य दोन्ही कागदात आलं. माणसं निवडायला तिने वेळ मागितलाय.

'कशाची आठवण येते' हे विचारलं. लेखन, म्हणाली. तेव्हा एका रात्रीत चाळीस पानं लिहिली जायची. आता दोन पानांवर अडते. काय बोलावं सुचेना, मग नुसतीच तिच्याजवळ बसले.

रोखठोक

मत वेगळं आहे, पण कळकळीने विचारतो. इतक्या कोवळ्या वयात रोजच्या गोळ्या, तेही वर्षानुवर्षं? लिथियमने किडनीवर परिणाम होतो असं वाचलंय. व्यायाम, ध्यान, नियमित दिनचर्या यांवर भर देऊन हळूहळू गोळ्या बंद करता येणार नाहीत का? ती बरी आहे असं तुम्हीच लिहिलंय.

शुभ्रा

रोखठोक, हा प्रश्न बहुतेक घरांत असतो. विचारलात ते बरं केलंत, न विचारता गोळ्या बंद करणारी घरंही असतात.

ती बरी आहे यात गोळ्यांचा मोठा वाटा आहे. बायपोलर हा पुन्हा पुन्हा उलटणारा आजार आहे, आणि लिथियम अचानक बंद केलं तर एपिसोड परतण्याचा धोका, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, खूप वाढतो. लिथियमचा मॅनियावरचा उपयोग ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. म्हणजे पाऊणशे वर्षांचा अनुभव या औषधामागे आहे. आत्महत्येचा धोका कमी होतो याचा सर्वांत भक्कम पुरावा ज्या मूड स्टॅबिलायझरबाबत (मूड स्थिर ठेवणाऱ्या औषधाबाबत) आहे, ते हेच. कमी करायचंच झालं तर ते दीर्घ स्थिर काळानंतर, डॉक्टरांसोबत आणि सावकाश.

किडनीची काळजी रास्त आहे, म्हणूनच तपासण्या असतात. लिथियमचं रक्तातलं प्रमाण, म्हणजे 'लेव्हल', शेवटच्या डोसनंतर साधारण १२ तासांनी बघतात. नेहमीच्या उपचारात ती सहसा ०.६ ते १.० मिलीमोल प्रति लिटरच्या दरम्यान ठेवतात, मॅनिया चालू असताना थोडी वर. १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणं दिसू शकतात, क्वचित त्याखालीही. शिवाय किडनी, थायरॉइड आणि कॅल्शियम साधारण दर सहा महिन्यांनी. या तपासण्या चुकवू नयेत.

पाऊलवाट, घरच्यांनी पाठ करून ठेवावं असं : अंगातलं पाणी किंवा मीठ कमी झालं की लेव्हल चढते. उलट्या-जुलाब, तापात न खाणंपिणं, कडक उन्हात खेळणं, वजन घटवण्यासाठी मीठ तोडणं, हे सगळं त्यात आलं. आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनीही चढते, त्यामुळे पाळीत पोट दुखतंय म्हणून अशी गोळी परस्पर देऊ नका, चालणारी गोळी कुठली ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. हाताची बारीक थरथर बऱ्याच जणांना असते. पण थरथर ठळक झाली, उलट्या-जुलाब लागले, तोल जाऊ लागला, बोलणं जड झालं, झापड येऊ लागली, तर पुढचा डोस न देता थेट हॉस्पिटल.

इतर औषधांबद्दल दोन ओळी, कारण वाचणाऱ्यांच्या घरी वेगळं औषध असू शकतं. व्हॅल्प्रोएट मुलींना शक्यतो टाळतात. गरोदरपणात गर्भाला त्याचा गंभीर धोका असतो, शिवाय पाळीच्या तक्रारी आणि पीसीओएसशी (अंडाशयांचा, हार्मोनशी निगडित विकार) त्याचा संबंध आहे. लॅमोट्रिजिनचा डोस फार हळू वाढवतात, आणि सुरुवातीच्या आठवड्यांत अंगावर पुरळ आलं तर लगेच दाखवायचं. क्वचित ते जिवावर बेतू शकतं आणि मुलांमध्ये मोठ्यांपेक्षा जास्त आढळतं. रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, ओलान्झापिन यांसारख्या औषधांवर वजन, कंबरेचा घेर, साखर आणि कोलेस्टेरॉल यांच्या नोंदी पहिल्यापासून ठेवायच्या. आणि नुसतं अँटीडिप्रेसंट (डिप्रेशनवरचं औषध), मूड स्टॅबिलायझरशिवाय, बायपोलरमध्ये मॅनिया उसळवू शकतं. बायपोलरची सुरुवात बऱ्याचदा डिप्रेशनने होते, त्यामुळे घराण्यात कुणाला बायपोलर असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगा, न विचारता सांगा.

व्यायाम आणि दिनचर्या हव्यातच, गोळ्यांच्या जोडीला. ध्यानही चालेल, फक्त रात्ररात्र जागून किंवा दिवसेंदिवस मौन पाळून करायचे प्रकार नकोत.

रोखठोक

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. अचानक बंद करण्याचा धोका मला माहीत नव्हता.

काजवा

त्यात एक माझ्याकडून. मुरुमं. लिथियमने मुरुमं वाढतात, तहान लागते, वजन वाढू शकतं. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं. १६ व्या वर्षी तो दिवसातला सगळ्यात मोठा प्रश्न असतो. त्यावर त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन जाणं ही मला झालेली सगळ्यात मोठी मदत होती, कारण त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की माझी अडचण कुणीतरी अडचण म्हणून मोजली. फक्त तिथल्या डॉक्टरांनाही लिथियमबद्दल सांगा.

तळटीप

शिक्षिका आहे, शाळेच्या प्रश्नावर लिहिते.

सगळ्या शिक्षकांना सगळं सांगायची गरज नाही. मुख्याध्यापक, वर्गशिक्षक आणि समुपदेशक असतील तर ते, इतकं पुरे. सांगताना निदानाच्या नावावर थांबू नका, कारण नाव ऐकून प्रत्येक जण आपापल्या मनातलं चित्र उभं करतो. काय दिसेल आणि आम्ही काय करायचं, हे सांगा. एका पालकांनी मला अर्ध्या पानाची चिठ्ठी दिली होती, ती आजही नमुना म्हणून माझ्या लक्षात आहे : "औषधामुळे तिला तहान लागते, पाण्याची बाटली बाकावर राहू द्या, बाथरूमला जाताना परवानगीसाठी थांबवू नका. सकाळी पहिल्या तासाला डोकं जड असतं, तोंडी प्रश्न नंतरच्या तासाला विचारा. ती सलग दोन दिवस फार बोलकी, फार उत्साही दिसली तर कौतुक जरूर करा, पण मला फोनही करा." या शेवटच्या वाक्याने माझे डोळे उघडले. गप्प मुलीकडे शिक्षकांचं लक्ष जातं. अचानक हात वर करू लागलेल्या मुलीचा आम्हाला आनंदच होतो.

हॉस्पिटलमधून परतल्यावर एकदम पूर्ण दिवस नको. आधी तिच्या आवडीचे दोन तास, मग अर्धा दिवस, मग पूर्ण. बुडालेला सगळा अभ्यास भरून काढायचा आग्रह धरू नका. त्यातला कुठला खरोखर लागणार आहे ते शिक्षकांकडून निवडून घ्या. परीक्षेत जास्त वेळ, वेगळी खोली, मधली विश्रांती यांसाठी डॉक्टरांचं पत्र आधीच फाइलला असू द्या. ऐन परीक्षेत धावपळ होते.

वर्गमैत्रिणींना काय सांगायचं ते मात्र तिनेच ठरवावं. "तब्येत बरी नव्हती, आता बरी आहे" हेही पूर्ण उत्तर आहे.

धाकटी

दादाला बायपोलर आहे. तो पहिल्यांदा आजारी पडला तेव्हा मी १० वर्षांची होते, म्हणजे जवळजवळ तुमच्या मुलाच्याच वयाची. म्हणून हा भाग मीच लिहायला हवा.

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्यामुळे मी स्वतःच उत्तर शोधलं, की मी त्याचं क्रिकेटचं बॅट तोडलं म्हणून तो असा झाला. तुमच्या मुलाच्या डोक्यातही काहीतरी चालू असेलच. त्याला तीन गोष्टी सरळ सांगा : हा आजार आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तो बरा करायची जबाबदारी तुझी नाही. तिसरी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगा.

दुसरं म्हणजे त्याला हेर करू नका. "ताई रात्री जागी होती का रे?" हे त्याला विचारलं की तो ताईचा भाऊ राहत नाही. आणि घरात त्याचा म्हणून एक वेळ ठेवा, जो ताईच्या तब्येतीमुळे रद्द होणार नाही. आमच्याकडे बाबा शनिवारी मला पोहायला न्यायचे. दादा हॉस्पिटलमध्ये असतानाही नेलं. मला तेव्हा अपराधी वाटलं होतं, आज कळतं की त्यांनी ते किती जपून केलं.

"मलाही होईल का?" हा प्रश्न तो दोन-तीन वर्षांत विचारेल. शुभ्रा, त्याला काय सांगायचं?

शुभ्रा

खरं तेच. आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. आईवडिलांपैकी एकाला किंवा सख्ख्या भावंडाला बायपोलर असेल तर शक्यता इतरांपेक्षा कितीतरी जास्त, साधारण ५ ते १० टक्क्यांच्या घरात. म्हणजेच बहुतेक भावंडांना तो होत नाही. "शक्यता थोडी जास्त आहे, म्हणून आपण तुझ्या झोपेकडे लक्ष देतो आणि गांजासारख्या नशांपासून लांब राहतो, आणि काही वाटलं तर लवकर बोलतो" इतकं १३-१४ व्या वर्षी नीट समजतं. गांजाचं ताईलाही सांगा, स्पष्ट सांगा. त्याने मॅनिया आणि भ्रम दोन्ही बळावतात. एनर्जी ड्रिंक्सही नकोत, ती झोपेच्या मुळावर येतात.

मनमोकळा

वाईट दिवसांसाठी आमच्या कागदात काय आहे ते लिहितो. हा भाग कठीण आहे, पण मुलगा बरा असताना लिहिला म्हणूनच तो पुढे उपयोगी पडला.

फोन : खूण दिसली की रात्री १० नंतर फोन स्वयंपाकघरात. हे त्याने मान्य केलंय आणि खाली सही आहे. चढलेला असताना तो चिडतो, पण कागद दाखवला की बहुतेक वेळा देतो, कारण अक्षर त्याचं आहे. पैसे : कार्डाची मर्यादा आम्ही खाली आणतो, त्याला सांगून. फोटो, पोस्ट, लांबलचक मेसेज : लिहायचं ते लिहायचं, पाठवायचं एक दिवस थांबून. हा नियम त्यानेच सुचवला, एका मैत्रीला त्या मेसेजेसपायी मुकल्यावर.

आमच्यासाठीचे नियम : चढलेला असताना त्याच्या योजनांवर वाद घालायचा नाही. त्या कशा अशक्य आहेत हे रात्री दोन वाजता सिद्ध करून काही हाती लागत नाही. आवाज खाली, वाक्यं छोटी, दिवे मंद, टीव्ही बंद, पाहुणे नकोत. "छान वाटतंय, उद्या सकाळी बोलू, आता आडवं होऊ या." उतरलेला असताना "प्रयत्न कर", "छान छान विचार कर" यावर बंदी. त्याऐवजी अगदी लहान काम, एकत्र : गच्चीवर दहा मिनिटं, एक कप धुणं. आणि 'सोड' म्हणाला तर सोडायचं, पण तासाभराने पुन्हा दारात येऊन उभं राहायचं.

आम्ही फॅमिली फोकस्ड थेरपी घेतली होती, डेव्हिड मिकलोविट्झ यांच्या पद्धतीची. त्यात सगळं घर बसतं. आजार समजून घेणं, एकमेकांचं ऐकायला शिकणं आणि अडचण तुकड्यांत सोडवणं, असे तिचे भाग. ज्या घरात सतत टीका होते तिथे आजार लवकर उलटतो, हे त्यात समजावून दिलं. मिळत असेल तर जरूर घ्या.

शुभ्रा

यात सुरक्षिततेचा भाग घालते, कारण तो कुणालाच लिहावासा वाटत नाही.

आत्महत्येबद्दल थेट विचारा. "जगू नये असं वाटतंय का? स्वतःला काही करून घ्यायचे विचार येतात का?" विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट बऱ्याच मुलांना सुटल्यासारखं वाटतं. उत्तर 'हो' आलं तर घाबरून ओरडू नका, रडून तिला तुमची समजूत काढायला लावू नका. "सांगितलंस, बरं केलंस. कधीपासून? काही ठरवलंयस का?" इतकं विचारा, तिला एकटी सोडू नका आणि डॉक्टरांना फोन करा. ठरवलेलं काही असेल तर त्याच क्षणी तातडीच्या विभागात न्या. तुमच्या भागातला तातडीचा क्रमांक आणि मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही कागदावर सगळ्यात वर लिहा.

घरातल्या सगळ्या गोळ्या कुलपात, आजीआजोबांच्या धरून. लिथियमचा मोठा डोस जिवाला धोकादायक असतो, त्यामुळे पूर्ण बाटली तिच्या खोलीत नको, आठवड्याचा डबाही सध्या तुमच्याकडेच ठेवा. कीटकनाशकं, धारदार वस्तू, हत्यार असेल तर ते, सगळं हाताबाहेर. ती बरी असतानाही. हे पहाऱ्यात धरू नका, कारण कठीण वेळ पुष्कळदा अचानक येते आणि काही तासांत ओसरते. त्या तासांत साधन हाताशी नसणं, एवढ्यानेही जीव वाचतो.

हॉस्पिटल कधी, हेही लिहा : जिवाला धोका, सलग रात्री झोप नाही आणि गोळ्यांना नकार, भ्रम किंवा भास, खाणंपिणं बंद. आणि तिथे तिला काय हवं असेल ते तिच्याकडून लिहून घ्या. सोबत कोण, कुठली वही, कुणाला कळवायचं आणि कुणाला नाही.

पाऊलवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद आता चार पानांचा झालाय. 'नेहमीची मी' हा रकाना भरताना आम्ही तिघं खूप हसलो. त्यात तिने "आईचं 'बघ हं' ऐकलं की डोकं फिरतं" हे लिहिलं आणि माझ्या रकान्यात "बघ हं म्हणायचं नाही" हा नियम आला. माणसं तिने निवडली : तिचे बाबा आणि मावशी. मी नाही. क्षणभर टोचलं, पण तिचं कारण मला पटलं : "तू घाबरतेस ते मला दिसतं, मग मी खरं सांगत नाही." धाकट्याशी तिच्या समोरच बोललो. त्याने विचारलं, हा संसर्गजन्य आहे का, आणि 'नाही' ऐकून खेळायला गेला.

एकच प्रश्न राहिला. गोळ्या आज मी हातात देते. दोन वर्षांनी ती बाहेर शिकायला जायचं म्हणतेय. कुलपाचं तर कळलं, मग जबाबदारी तिच्याकडे कशी आणि कधी द्यायची?

शुभ्रा

आत्तापासून, तुकड्यातुकड्याने. पहिल्यांदा आठवड्याचा डबा तिने भरायचा, तुम्ही शेजारी बसून. बाटली तुमच्याकडे. मग रक्ततपासणीच्या तारखा तिच्या कॅलेंडरवर, लेव्हलचा आकडा आधी तिने वाचायचा आणि डॉक्टरांना तिनेच सांगायचा. प्रत्येक भेटीत काही वेळ डॉक्टरांशी ती एकटी बोलेल, तुम्ही बाहेर. डोस चुकला तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत, हे तिला तोंडपाठ हवं. विसरल्याचं तिने आपणहून सांगितलं तर रागावायचं नाही, हा तुमच्या रकान्यातला नियम. मोठा डोस एकावेळी हाती राहू नये म्हणून बाहेर राहतानाही थोड्या थोड्या दिवसांच्याच गोळ्या घेता येतात का, ते डॉक्टरांना विचारा.

कायद्याने सज्ञान झाल्यावर तिच्या परवानगीशिवाय डॉक्टर सहसा तुमच्याशी बोलणार नाहीत. कुणाशी आणि कशाबद्दल बोलायला तिची हरकत नाही, हे तिच्या सहीने आधीच फाइलला असू द्या. नव्या गावातले डॉक्टर जाण्याआधीच ठरवा, पहिली भेट तुम्ही सोबत असतानाच होऊ दे.

काजवा

आणि राहायची खोली निवडताना खोलीतली दुसरी मुलगी रात्री जागणारी आहे का, ते विचारा. मी विचारलं होतं, तिला विचित्र वाटलं, पण तिने खरं सांगितलं आणि मी दुसरी खोली घेतली.